फाईल परत आणा

माझ्या साडूंसारखा ग्रंथपाल पुन्हा होणे नाही, आणि वाचकांच्या दृष्टीने ते बरंच आहे. दौंडमधल्या एका कॉलेजचं ग्रंथालय ते सांभाळतात. सांभाळतात म्हणजे वाचकांपासून. पुस्तक मागणाऱ्याकडे ते असे बघतात, की मुलगी मागायला आलेल्या बेकार पोराकडेही कुणी तसं बघत नसेल. आधी त्याचे हात तपासतात. पेरू खाऊन आलेल्या एका प्राध्यापकांना त्यांनी सरळ नळावर पिटाळलं होतं.

अशा माणसाला कॉलेजने पुण्याला शिबिराला धाडलं. साहित्याचा, इतिहासाचा अभ्यास आता संगणकावर कसा होतो आणि त्यात ग्रंथपालाने अभ्यासकांना कशी मदत करायची, हे तिथे शिकवणार होते. मदत हा शब्द ऐकूनच ते धास्तावले असावेत. परत आले ते मात्र स्कॅनर मागतच. ख्रिस्ती मिशनच्या जुन्या मासिकांचे अंक त्यांनी पान न् पान स्कॅन केले, हवा तो शब्द टाकला की लगेच सापडेल अशी सोय केली. मी केडगावचा, चर्चमधली जुनी भजनं गोळा करणारा. मला तर घबाडच मिळालं.

त्यांनी मला एका अंकाची फाईल पेन ड्राइव्हवर दिली, सात दिवसांच्या बोलीवर. आठव्या दिवशी फोन: फाईल परत आणा, दुसरे वाचक खोळंबलेत. मूळ फाईल तुमच्याच संगणकावर आहे, असं मी परोपरीने समजावलं. "असंल," ते म्हणाले, "पर दिल्याली वस्तू परत यायला नको व्हय?" खोळंबलेल्या वाचकांची मी चौकशी केली. कुणीही नव्हतं. मी काही फाईल परत केली नाही. वर हा किस्सा नात्यातल्या प्रत्येक लग्नात सांगितला, ते समोर असले की जरा जास्तच रंगवून.

पुढे कॉलेजने सगळे अंक वेबसाइटवर टाकले. अभ्यासकांनी साडूंचं तोंडभरून कौतुक केलं, घरी बसूनच. ग्रंथालयात येणारे जे चारदोन होते, तेही यायचे थांबले. परवा साडूंचा फोन आला. फाईलचा विषयही काढला नाही.

"पाव्हणं, त्या वेबसाइटीत एक खोट हाय. वाचक आला कवा आन् गेला कवा, कळतच न्हाई."

मला वाईट वाटलं. अगदी मनापासून वाईट वाटलं.

दुसऱ्या दिवशी डेमू लोकलने दौंड गाठलं आणि पेन ड्राइव्ह त्यांच्या टेबलावर ठेवला. त्यांनी आधी माझे हात बघितले. मग फाईल उघडून, चष्मा सावरत, सावकाश सगळी पानं चाळली.

"फाटलं-बिटलं काय न्हाई," ते म्हणाले. "दुसरी नेताय का?"

सगळे अंक माझ्या खिशातल्या मोबाइलवर होते. मी हो म्हणालो.