जुनी तांबी

"एक्टोपिक आहे, आणि फुटलेलं आहे. नवऱ्याला आत बोलवा." सोनोग्राफीच्या डॉक्टरबाई माझ्याशी नाही, शेजारच्या सिस्टरशी बोलत होत्या. मी टेबलावर पडल्या पडल्या म्हटलं, "फुटलं म्हणजे काय ते मला सांगा. पोट माझं आहे."

मग त्यांनी मला सांगितलं. एक्टोपिक प्रेग्नन्सी म्हणजे गर्भ पिशवीत न राहता बाहेर राहतो, बहुतेक वेळा नळीत. नळी बोटापेक्षा बारीक. गर्भ वाढला की ती फुटते आणि रक्त पोटात साचत जातं. माझ्या पोटात ते सकाळपासून साचत होतं.

"पिशवीत तांबी, कॉपर-टी पण दिसतेय. कधी बसवली?"

"धाकट्याच्या बाळंतपणात."

"धाकटा केवढा?"

"बारावीला आहे."

डॉक्टरबाईंनी स्क्रीनवरची नजर काढून माझ्याकडे पाहिलं. "ताई, तांबीची मुदत दहा वर्षं असते."

मी नरडाण्याला कटलरीचं दुकान चालवते. बांगड्या, पिना, टिकल्या, क्रीम, पावडर. आधी डोक्यावर बोचकं घेऊन गावोगावचे बाजार केले, मग टपरी टाकली, आता पक्कं दुकान आहे. कुणाच्या बापाने उभं करून दिलेलं नाही. क्रीमच्या प्रत्येक डबीची तारीख मी बघते. जळगावच्या होलसेलवाल्याने मुदत संपत आलेला माल घातला, तर तो त्याच्याच गल्ल्यावर नेऊन आपटते. मी दिसले की तो आधीच हात जोडतो.

आणि माझ्याच पोटातल्या वस्तूची मुदत मला माहीत नव्हती. सिस्टर म्हणाली, "बसवताना सांगतात हो." सांगत असतील. बाळंतीण ग्लानीत, मांडीवर रडणारं पोर, त्यात दहा वर्षांनंतरची गोष्ट एकदा तोंडी सांगायची आणि झालं. मोबाईलचा रिचार्ज संपायच्या आधी चार मेसेज येतात. तांबीसाठी एकही येत नाही. हा राग मला तेव्हाही होता, अजूनही आहे.

पाळी चुकली तेव्हा वाटलं, जायचं वय झालं. चाळिशी उलटलेली. पण सकाळी मळमळायला लागलं. मेडिकलमधून पट्टी आणून तपासलं, तर दोन रेघा.

घरात कोमलच्या लग्नाचं चाललेलं. कोमल माझी मोठी मुलगी, बावीसची. एरंडोलचं स्थळ, माणसं चांगली, साखरपुड्याची तारीख धरलेली. मुलीच्या साखरपुड्यात आई पोट घेऊन बसणार? मी नवऱ्याला सांगितलं. ते कंपनीच्या गाडीवर ड्रायव्हर आहेत. म्हणाले, "तूच बघ काय ते." धाकट्याच्या वेळी मी त्यांना म्हटलं होतं, तुम्ही ऑपरेशन करून घ्या. तेव्हा म्हणाले होते, "गाडी चालवायची असते, कमजोरी येते." म्हणून तर तांबी आली.

डॉक्टरकडे गेले असते तर वेटिंगमध्ये गावातलीच कोणी भेटली असती. म्हणून मेडिकलवाल्याकडून गर्भ पाडायच्या गोळ्या घेतल्या. त्याने चिठ्ठी मागितली नाही, सोनोग्राफी केली का विचारलं नाही. कागदात गुंडाळून दिल्या, जणू मीच चोरी करत होते. थोडं रक्त गेलं. मला वाटलं, मोकळी झाले.

इथे वाचणाऱ्या बायांनो, थांबून वाचा. त्या गोळ्या पिशवीतल्या गर्भावर चालतात. नळीतल्या गर्भावर चालत नाहीत. रक्त गेलं म्हणून आपण निश्चिंत होतो आणि आत नळी ताणत राहते. म्हणून आधी सोनोग्राफी, आणि गोळ्या डॉक्टरच्याच हातून. तांबी असताना दिवस गेले तर गर्भ नळीत असण्याचा धोका जास्त, हेही मला ऑपरेशन झाल्यावर कळलं.

पुढचे काही दिवस ओटीपोटात एका बाजूला दुखत होतं. एक दिवस सकाळीच मी माल आणायला जळगावला गेले. गठ्ठे उचलताना खांद्यात कळ आली. वाटलं, ओझ्याची आहे. ती ओझ्याची नव्हती. पोटात रक्त साचलं की खांदा दुखतो, असं डॉक्टर म्हणाले. परत आल्यावर दुकानाचं शटर वर ढकलताना डोळ्यांपुढे अंधार झाला. शेजारच्या झेरॉक्सवाल्याने गाडीत घातलं आणि धुळ्याच्या सरकारी दवाखान्यात आणलं.

ऑपरेशन लगेच झालं. एक नळी काढली, तांबीही काढली. रक्ताच्या चार पिशव्या चढल्या. रक्तपेढीने विचारलं, नातेवाइकांपैकी कोणी रक्त देणार का? नवऱ्याने त्यांच्या थोरल्या भावाला फोन लावला. आजार काय सांगावा ते सुचेना, म्हणून बोलून गेले, "भाऊ, तिना पोटमा गाठ निंघनी. रक्त देवाले या."

पोटात गाठ. तेवढे शब्द पुरले.

शुद्धीवर आले तर उशाशी नणंद. डोळे पुसत म्हणाली, "कॅन्सर तं नई ना वहिनी?" मग चुलत सासू, मग भिशीतल्या बाया. प्रत्येकीच्या हातात सफरचंदं आणि तोंडावर माझं सुतक. मी नवऱ्याकडे बघायची, ते सलाईनकडे बघायचे.

वॉर्ड बायकांचा. माझ्या डावीकडे साक्रीकडची एक पोर. दिवस राहिले म्हणून तिला गावात कसलासा काढा पाजला होता. ताप उतरत नव्हता. उजवीकडे चार लेकरांची आई, पाचवं नको होतं तरी आलेलं, अंगात रक्तच नाही. राउंडला आलेल्या डॉक्टरांशी मी हुज्जत घातली, "उद्या सोडा, दुकान बंद आहे." ते म्हणाले, "परवा." मी म्हटलं, "उद्या संध्याकाळी." ते हसले नाहीत. चार्ट बघत म्हणाले, "ताई, तुम्हाला रक्ताच्या पिशव्या लावल्या त्या दिवशी बाळंतपणात रक्त गेलेली एक बाई खाली थांबली होती. तिचं रक्त जळगावहून मागवावं लागलं. इथल्या तीन खाटा बघा. वेळेवर तांबी बदलली असती, वेळेवर तपासलं असतं, तर या तिन्ही रिकाम्या असत्या."

"ती बाई?"

"वाचली."

मी पुन्हा घासाघीस केली नाही. आजवर मी जे आणलं ते दाम मोजून आणलं. ते रक्त मात्र दुसरीच्या वाट्यातून आलं होतं, आणि ते मी मागितलंही नव्हतं. दिवसभर तेच डोक्यात राहिलं.

संध्याकाळी माझ्या भावाचा फोन आला. कोमलचं स्थळ त्यानेच आणलेलं. "अक्का, एरंडोलवाले म्हणतात, जरा थांबू."

"का?"

"तुझ्या तब्येतीचं कळलं त्यांना."

कळायला वेळ लागला नाही. आईला कॅन्सर, म्हणजे उद्या मुलीला. जी गोष्ट झाकण्यापायी मी मरता मरता वाचले, तिच्यावर नवऱ्याने टाकलेल्या पांघरुणाने माझ्या पोरीचं लग्न मोडायला आलं. त्यांच्यावर ओरडायचं होतं, पण टाके ओढत होते.

दुसऱ्या दिवशी होणाऱ्या विहीणबाई स्वतः आल्या. शहाळं घेऊन. बसल्या, तब्येत विचारली, कोमलच्या डोक्यावरून हात फिरवला. मग इकडचं तिकडचं बोलत म्हणाल्या, "तुमच्या आईले काय व्हयेल व्हतं, अक्का?"

आयुष्यभर दुकान केलंय. माल उलटून बघताना गिऱ्हाइकाचा हात कसा फिरतो ते मला कळतं.

"माझ्या आईला म्हातारपण झालं होतं," मी म्हटलं.

कोमल केस विंचरून देत होती. तिने फणी खाली ठेवली. "आई, तू सांगतेस का मी सांगू?"

तिला माहीत होतं. सिस्टरला विचारून तिने केव्हाच माहीत करून घेतलं होतं. कोमलचे वडील उठून पाण्याची बाटली भरायला गेले. भरलेलीच बाटली घेऊन.

मी सांगितलं. गाठ नव्हती, दिवस होते. तांबी जुनी होती. गोळ्या घेतल्या, नळी फुटली. "तुम्हाला लाज वाटत असेल तर स्थळ मोडा. पण माझ्या पोरीला आजाराचा डाग लावून मोडू नका."

विहीणबाई शहाळ्यातली नळी फिरवत बसल्या. मला वाटलं, संपलं. मग त्या माझ्याकडे वाकल्या आणि अगदी हळू म्हणाल्या, "मनी तांबीले बी पंधरा वरीस व्हई ग्यात. काढनी पडस, हाई माले कोणीच सांगं नही."

मी खाटेवरून पाय खाली सोडले.

"खाली ओपीडी आहे," मी म्हटलं. "चला."

"आज? मी तं तुमले भेटाले येल शे."

"आजच."

भिंत धरत मी त्यांना खाली नेलं. आत्ताच नेलं नाही तर त्या एरंडोलला जातील आणि 'पुढच्या महिन्यात' म्हणतील, हे मला माहीत होतं. कुटुंबनियोजनाच्या दारात सिस्टरने विचारलं, "दोघींत पेशंट कोण?" विहीणबाईंनी हातातली पर्स माझ्याकडे दिली, पदर खांद्यावर ओढला आणि आत गेल्या.

साखरपुडा झाला. उशिरा, पण झाला. विहीणबाईंनी नंतर आपल्या दोन्ही जावांनाही तपासून आणलं. नवऱ्याला डॉक्टरांनी समजावलं की पुरुषाचं ऑपरेशन बिनटाक्याचं असतं, त्याच दिवशी घरी जाता येतं, कमजोरी येत नाही. ते म्हणाले, बघू. अजून बघतायत. मीही बघतेय, किती दिवस बघतात ते.

अंगातला थकवा पूर्ण गेलेला नाही. दुपारी दुकानात डोळा लागतो. ज्या अनोळखी माणसांचं रक्त मला चढलं, त्यांना मी कधी भेटणार नाही. खाली थांबलेल्या बाईलाही नाही.

पण बांगड्या भरताना बाईचा हात माझ्या मुठीत असतो. बांगडी अर्ध्यावर आली की तिला उठून जाता येत नाही. तेव्हाच मी विचारते, "तांबी आहे का गं? कुठल्या सालातली?"