कवेलू फेरायचा दिवस

आमच्या घराला कुणी वारसा म्हणेल, असं मला कधी वाटलं नव्हतं. आरमोरीच्या पुढं, धानाच्या बांध्यांना लागून असलेलं साधं शेतकऱ्याचं घर ते. हातभर जाड मातीच्या भिंती, सागवानी खांब, समोर ओसरीसारखी सपरी, मागं गोठा. आत धान साठवायची बांबूची, शेणानं लिंपलेली ढोली. ती एवढी मोठी की आधी ढोली ठेवून मग तिच्याभोवती भिंती उभ्या केल्या असाव्यात. वर कवेलू, म्हणजे मातीची कौलं. शाळेतली नोकरी संपल्यावर मी एकटीच इथं राहायला आले, तेव्हा गावानं मला वेड्यात काढलं. काढू दे.

मग शहरातून जुन्या वास्तूंचं काम करणारी काही तरुण मंडळी आली. त्यांनी फोटो काढले, भिंती मोजल्या, खांबांवरून हात फिरवले. आजाऱ्याच्या खोलीत बोलावं तसं हळू बोलत होती. असं घर आता या भागात शोधून सापडत नाही, ते जपायलाच हवं, वारसा म्हणून नोंदवायचा प्रस्ताव आम्ही करतो, असं म्हणाली. तोवर टिन घालू नका, सिमेंट लावू नका, आहे तसंच ठेवा.

मी मान डोलावली. मला आनंद झाला होता, खोटं कशाला सांगू? पण मनात हसूही आलं. हे घर आहे तसं ठेवायचं तर दरवर्षी त्याचं छप्पर उतरवावं लागतं. वर्षभर वानरं उड्या मारतात, पालापाचोळा अडकतो, कवेलू सरकतात. म्हणून तेंदूपत्त्याचं काम आटोपलं की मिरगाच्या आधी घर फेरायचं. कवेलू काढायचे, झाडायचे, फुटके बाजूला टाकायचे आणि चांगले पुन्हा रचायचे.

आणि हे काम कधी मजुरीनं होत नसे. आज माझ्या घरी सगळी गल्ली, उद्या दुसऱ्याच्या घरी मीही. बाप्ये वर, बाया खाली रांगेत, हातोहात कवेलू खाली यायचे. मी लहानपणापासून खाली बसून कवेलू बोटानं वाजवून पाहायची. खणखणीत वाजला तर ठेवायचा, बद्द वाजला तर फेकायचा. दुपारी ज्याचं घर त्याच्याकडं पंगत. त्या पंगतीत अख्ख्या वर्षाची भांडणं मिटायची आणि पुढच्या वर्षाची सुरू व्हायची.

माझा धाकटा भाऊ वडशाला असतो. घरात निम्मा वाटा त्याचा. प्रस्तावाचं ऐकून तो फोनवर म्हणाला, "ताई, तुहं आयकलं आतापर्यंत. पण यंदा घर गळलं तर मी काई आयकणार नाई. पाडू अन् स्लॅब टाकू." त्याचंही चूक नव्हतं. मागच्या वर्षी फेरणं राहून गेलं, पावसात माझ्या अंथरुणापर्यंत पाणी आलं होतं आणि ते मीच त्याला सांगून बसले होते. आता छप्पर नीट फेरलं गेलं तरच घर वाचणार होतं.

मी गल्लीत सांगायला निघाले. एकेक दार करत गेले आणि वर पाहत गेले. सगळ्यांची घरकुलं झाली होती. स्लॅब रोजच दिसत होते, पण त्यांचा अर्थ त्या दिवशी कळला. कवेलू फक्त माझ्या घरावर उरले होते.

समोरच्या घरचा शेजारी, त्याला मी भाऊच म्हणते, माझ्याच वयाचा, चेष्टेखोर. म्हणाला, "येतो ना बाई, काऊन नाई येऊ? पण आता तुमी आमच्याकडं कायले यान? आमचं स्लॅबाचं घर तं फिरत नाई." सगळे हसले. मीही हसले, आणि घरी येऊन पंगतीसाठी तांदूळ निवडायला घेतले.

ठरल्या दिवशी मी पहाटेपासून रांधलं. भात, वरण, वांग्याची भाजी, अख्ख्या गल्लीला पुरेल एवढं. समोरचा भाऊ आणि आणखी तिघं-चौघं आले. बाया आल्या नाहीत. बाप्यांनी मन लावून काम केलं, फुटक्या कवेलूंच्या जागी मोडलेल्या गोठ्यावरचे चांगले कवेलू बसवले. मी खाली बसून वाजवत राहिले. दुपार कलायच्या आत घर फेरून झालं. मी पाट मांडायला लागले तर समोरचा भाऊ हात धुऊन म्हणाला, "राहू द्या बाई. घरी रांधून ठेवलं हाये. तुमाले एकटीले कायले तरास?"

तो मायेनंच बोलला. सगळे गेले. भाताच्या भरल्या गंजाशेजारी बसून मी रडले.

पाऊस भरपूर झाला, घर थेंबभर गळलं नाही. धाकटा भाऊ वडशाहून येऊन कोपरान् कोपरा पाहून गेला. पाडायचं नाव त्यानं काढलं नाही. शहरातली मंडळीही पुन्हा येऊन गेली, घर उत्तम राखलंत म्हणाली.

धान निघाल्यावर मी समोरच्या घरी गेले. त्यांनी माझं घर फेरलं, तर त्यांचं काहीतरी काम आपण करावं, एवढाच विचार. अंगणात समोरच्या भावाची बायको आणि सुना धान पाखडत होत्या. मी त्यांच्यात बसकण मारली आणि सूप ओढलं. त्याच्या बायकोनं ते अलगद माझ्या हातातून काढून घेतलं.

"नाई बाई, तुमी कायले? बसा तुमी." मग घराकडं वळून तिनं हाक मारली, "बाईले खुर्ची आण वं, अन् चहा ठेव!"

लाल प्लास्टिकची खुर्ची आली. कपबशीतून चहा आला. त्या सगळ्या खाली बसून पाखडत होत्या, आपसात बोलत होत्या, अधूनमधून माझ्याकडं पाहून हसत होत्या. याच गल्लीत जन्मलेली मी, पाहुणीसारखी वर बसून चहा पीत होते. चहा संपला तरी उठावं की बसावं, ते मला कळेना.