खाकी गाठोड्यातले पाने

कळंब्याच्या आमच्या कॉलनीत गुंडू चौगुलेबद्दल कुणालाही विचारा, चांगलंच सांगतील. म्हणूनच त्याच्याबद्दल मी सांगायला बसलोय. गेली सहा वर्षं मी त्याच्यावर जळतोय, आणि ज्याच्यावर आपण जळतो त्याला आपल्याइतकं बारकाईनं कुणी बघितलेलं नसतं.

गुंडू जयसिंगपूरकडचा. सातवीत असताना वडील गेले. जमीन थोरल्या भावानं कसायला घेतली आणि हा शिरोलीच्या एका फौंड्रीत चिकटला. बुटका, रुंद, मानेवर बारा महिने टॉवेल. बायकोला हाक मारली तर चौकातला रिक्षावाला वळून बघतो. आमच्या शेजारी राहायला आला तेव्हा त्यानं एक जुनी मारुती घेतली होती, जी चालण्यापेक्षा ढकलली जास्त जायची. पहिल्याच रविवारी तो तिच्याखाली शिरला, आणि आमचे आबा गॅलरीतून ओरडले, "ए पावणं, उलटा फिरवालाईस त्यो नट!"

आबा म्हणजे माझे वडील, सयाजीराव. एसटीच्या वर्कशॉपमध्ये चौतीस वर्षं काढलेले. त्या दिवशी ते खाली उतरले ते दुपारी जेवायलाच वर आले, तेही अनुजानं, म्हणजे माझ्या बायकोनं, तीन हाका मारल्यावर. तेव्हापासून दर रविवारी नाष्टा झाला की आबा खुर्ची उचलणार आणि गुंडूच्या गाडीपाशी मांडणार. आमच्या दारात माझीही गाडी उभी असायची. तिच्याकडं त्यांनी कधी खुर्ची फिरवली नाही.

आता एक गोष्ट आधीच सांगून टाकतो, नाहीतर सगळा दोष गुंडूचा वाटायचा. मी दहावीत असताना आम्ही मंगळवार पेठेत राहायचो. आबा दारात कुणाची तरी जीप दुरुस्त करत होते. त्यांनी खालून हाक मारली, "विश्वा, जरा बॅटरी धर, उजीड न्हाई." मी उंबऱ्यातूनच म्हणालो, "अभ्यास हाय. हात घाण हुतील." आबांनी बॅटरी सुतळीनं बंपरला बांधली आणि काम पुरं केलं. त्यानंतर त्यांनी मला कधी बोलावलं नाही, आणि मीही कधी गेलो नाही. मी विमा कंपनीत लागलो, हात स्वच्छ राहिले.

गुंडूला मात्र त्यांनी सगळं दिलं. हत्यार कसं घ्यायचं इथपासून. आबांचा नियम असा, की सेट कधी घ्यायचा नाही. "पक्कड ज्या कंपनीची चांगली, तिचा पाना चांगला असंलच असं न्हाय. एकेक जोडायचं. डब्यावरचं नाव वाचू नगंस, नटावर लावून बघ. खुळखुळला की ठेव माघारी." त्यामुळं गुंडूकडं पक्कड टपारियाची, रिंग पाने जुन्या बाजारातून निवडलेले झालानीचे, आणि हातोडी फौंड्रीतच ओतलेली, बिननावाची. एकाला एक जुळत नव्हतं. लक्ष्मीपुरीतल्या हार्डवेअरच्या दुकानात तो खिशात चार नट घेऊन जायचा आणि काउंटरवर पाने लावून लावून बघायचा. दुकानदार वैतागायचा. गुंडू म्हणायचा, "आबांनी सांगितलंय."

आबांनी सांगितलंय! हे दोन शब्द ऐकले की माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची.

ही सगळी हत्यारं तो कप्पे शिवलेल्या एका खाकी कापडात गुंडाळून ठेवायचा. एकदा मी ते कापड जवळून बघितलं. एका कप्प्याच्या कडेला शाईचा डाग होता. तो डाग मी ओळखला, कारण माझ्याच पेनाचा होता. लहानपणी आबांच्या ड्युटीच्या पँटवर मीच पाडला होता. घरी येऊन अनुजाला विचारलं, तर ती भाजी निवडता निवडता म्हणाली, "मीच शिवून दिलं, त्या जुन्या पँटीचं. आबा म्हणाले, पोराची हत्यारं उघडी पडत्यात. तुमाला हवी हुती व्हय ती पँट?"

पोराची! मी त्या दिवशी जेवलो नाही. पित्त झालंय म्हणून सांगितलं.

मग मी ठरवलं, की आपणही हत्यारं घ्यायची, आणि अशी घ्यायची की गुंडूनं तोंडात बोट घालावं. महिनाभर मोबाईलवर व्हिडिओ बघितले. कुठल्या कंपनीचं पोलाद कसलं, कोण जन्मभराची हमी देतं, कुणाच्या रॅचेटला, म्हणजे नट फिरवायच्या दांड्याला, किती दाते, सगळं पाठ. विम्याच्या पॉलिसीही मी इतक्या मन लावून वाचल्या नव्हत्या. शेवटी एका परदेशी कंपनीचा एकशे आठ नगांचा सेट मागवला. तो आला नेमका खंडेनवमीच्या सकाळी.

खंडेनवमीला आमच्यात हत्यारं पुजतात. आबा दरवर्षी चौरंगावर घरातली विळी, कात्री आणि त्यांचा एक जुना पाना मांडायचे. गेली सहा वर्षं गुंडूही आपलं खाकी गाठोडं आणून तिथंच ठेवायचा. यंदा मी माझी लाल पेटी उघडून मधोमध मांडली आणि गुंडूचं गाठोडं सारून चौरंगाच्या कडेला, समईच्या मागं ढकललं. आबांनी ते बघितलं. गुंडूनंही बघितलं. तो म्हणाला, "आयला, दादा! दवाखान्यातल्यागत चमकालंय की सगळं!" मनापासून म्हणाला, म्हणून जास्तच राग आला.

हळदकुंकू वाहून झालं, झेंडूची माळ घातली. आबांनी पेटीतला एक सॉकेट, नटावर टोपीसारखा बसतो तो, उचलायला हात पुढं केला. खिशातून त्यांनी नट काढलाच होता, लावून बघायला. मी त्यांचा हात धरला.

"आबा, पूजा झालेलं हत्यार उद्यापतूर हलवत न्हाईत. तुमीच सांगता की."

खरं तर मला शास्त्राची पडली नव्हती. दुसऱ्या दिवशी सगळं माझ्या हातानं दाखवायचं होतं, म्हणून अडवलं. आबांनी नट परत खिशात टाकला.

दसऱ्याच्या सकाळी उत्तरपूजा झाली, हत्यारं हलवली. मी म्हणालो, "आबा, आज मी गाडीचं ऑइल बदलणार हाय. बसा की." आबांनी खुर्ची उचलली आणि पहिल्यांदा माझ्या गाडीपाशी मांडली. एवढ्यासाठी मी एकशे आठ नग घेतले होते. गुंडूच्या दारात त्या दिवशी कुणी बसलेलं नव्हतं, हे मी दोनदा वळून बघितलं.

गाडीखाली शिरलो. ऑइलच्या नटाला बसेल असा सॉकेट शोधला, बसला. थोडा सैल वाटला, पण एवढी महागडी वस्तू सैल कशी असेल? जोर लावला. रॅचेट गर्रकन फिरलं आणि माझी बोटं चेसिसवर आपटली. परत लावला, परत घसरला. बघतो तर नटाचे कोपरे गेलेले, नट गोल गुळगुळीत. सॉकेट उजेडात धरला. त्यावर अकरा भागिले सोळा लिहिलं होतं. माझा अख्खा सेट इंचाचा होता आणि गाडी मिलिमीटरची. महिनाभर व्हिडिओ बघून हे एवढं बघायचं राहून गेलं होतं. काल आबांना हात लावू दिला असता तर नट खुळखुळला असता आणि त्यांनी एका क्षणात सांगितलं असतं.

मी खालीच पडून राहिलो. बाहेर यायची लाज वाटत होती. आबा म्हणाले, "गुंडूला बलीव."

तेवढं सोडून काहीही चाललं असतं. पण अनुजानं हाक मारलीच. गुंडू खाकी गाठोडं घेऊन आला, वाकून बघितलं, हसला नाही. नट सतराचा होता, त्यानं सोळाचा रिंग पाना काढला, एक नंबर बारका. "ह्यो ठोकून बसवायचा, आबा?" आणि सवयीनं आडवा होऊ लागला.

"थांब," आबा म्हणाले. त्यांनी सदऱ्याच्या बाह्या वर केल्या, शहात्तराव्या वर्षी पोतं अंथरलं आणि स्वतः गाडीखाली सरकले. मी त्यांच्या शेजारी होतो. त्यांनी हात बाहेर काढला, तसा गुंडूनं पाना आणि हातोडी दिली आणि लगेच बॅटरी पेटवून आत धरली.

"तू न्हवं," आबा म्हणाले. "विश्वा, तू धर."

मी बॅटरी घेतली. आबांनी पाना नटावर तीन घाव घालून बसवला, माझा हात धरून उजेड जरा डावीकडं केला आणि म्हणाले, "हं. हितंच ठेव." त्यांचा हात ग्रीसनं बरबटला होता, माझ्या मनगटावर पाची बोटं उठली.

नट सुटला. काळं ऑइल थाळ्यात पडू लागलं. मी मान वळवली तर गुंडू बंपरला धरून वाकला होता, रिकाम्या हातानं. त्याच्या तोंडावर जे होतं ते मी लगेच ओळखलं. सहा वर्षं रविवारी दाढी करताना मी ते आरशात बघत आलोय.

"दादा, हात भरून आला आसंल तुमचा," तो हळू आवाजात म्हणाला. गुंडू आयुष्यात पहिल्यांदा हळू बोलला असेल. "द्या, मी धरतो."

त्याला वडील नाहीत, हे मला ठाऊक होतं. हातही खरंच भरून आला होता.

"न्हाय," मी म्हणालो. "ऱ्हाऊ दे." आणि बॅटरी दोन्ही हातांनी धरली.