बिनपाण्याचे पाव-टमाटे

उन्हाळ्यात आमच्या घरी अजूनही पाव-टमाटे होतात. सून विचारते, "आई, जरासं पाणी घालू का? खाली लागायला लागलंय." मी खेकसते, "थेंब घालायचा नाही!" तिला वाटतं, म्हातारीला चवीची लई कदर. कदर कसली डोंबलाची! राग आहे तो. इतकी वर्षं झाली तरी उतरलेला नाही.

लातूर तेव्हा नुकतंच जिल्हा झालं होतं. नव्या कचेऱ्या उघडल्या, साहेब आले, त्यांच्यामागं माझ्यासारखे नवे कारकून आले आणि गावात राहायला खोली मिळेना. लोक गोठे झाडून, चुना मारून भाड्यानं देत होते. माझं गाव औशाच्याही पुढं, आत. पहिली एसटी धरली तरी कचेरी उघडून बराच वेळ झालेला असायचा. साहेबांनी तोंडावर सांगितलं होतं, नोकरी कच्ची आहे, उशीर चालायचा नाही. खोली गेली की नोकरी गेली, इतकं ते सरळ होतं. अण्णांनी, म्हणजे माझ्या वडलांनी, मला शिकवताना काय काय सोसलं ते मी डोळ्यांनी पाहिलं होतं.

खोली मिळाली ती एका काकूंच्या अंगणात. काकू मूळच्या नांदेडकडच्या. नवरा गावाकडं शेती बघायचा, त्या इथलं घर सांभाळायच्या. आमचं आडनाव त्यांच्यातही चालणारं, आमच्यातही. त्यांनी काही विचारलं नाही, मीही काही सांगितलं नाही. मुद्दाम सांगायचं काय असतं त्यात?

त्या साली दुष्काळ होता. टँकर आला की अंगणातला हौद भरायचा आणि काकू त्यातली एक घागर रोज स्वतःच्या हातानं मला द्यायच्या. त्या एका घागरीत पिणं, धुणं, अंघोळ, सगळंच. भाकरीचं पीठ मळायला पाणी, वर परात धुवायला पाणी, ते कुठून आणू? म्हणून मी बेकरीतली डबलरोटी आणायची. टमाटे अण्णा एसटीच्या कंडक्टरजवळ पाठवायचे. आमच्या जमिनीच्या तुकड्यात आडाच्या तळाचं पाणी शेंदून त्यांनी दोन सऱ्या जगवल्या होत्या. टमाटे बारके, जाड सालीचे, पण असे आंबट की तोंडाला पाणी सुटावं.

ते चिरायचे, मीठ लावून हातानं कुस्करून ठेवायचे. करडईच्या तेलात मोहरी, ठेचलेला लसूण, काळं तिखट, आणि वर टमाटे. त्यांना त्यांचंच पाणी सुटतं, त्यातच शिजू द्यायचे. कडेला तेल दिसायला लागलं की शिळ्या डबलरोटीचे तुकडे टाकायचे, झाकण घालायचं आणि स्टो बंद करायचा. पाव सगळा रस पिऊन घेतो.

पहिल्यांदा केलं तेव्हा वासानं काकू उठून माझ्या दारात आल्या. "अगं बया, काय करून राहिलीस? साऱ्या गल्लीत वास सुटलाय!" त्यांनी कढईतूनच घास उचलला. मग रोज संध्याकाळी वाटी घेऊन हजर. त्या उन्हाळ्यात त्यांना दुसरं काही गोड लागत नव्हतं. "पोरी, तुझ्या हाताला चव हाय बघ," म्हणायच्या. खोटं कशाला बोलू, मला फार बरं वाटायचं. आई गेल्यापासून इतक्या हक्कानं माझ्या कढईत कुणी हात घातला नव्हता.

एका रविवारी अण्णा स्वतःच टमाट्यांची टोपली घेऊन आले. काकू अंगणात ज्वारी निवडत बसल्या होत्या. अण्णांनी टोपली खाली ठेवली, हात जोडले आणि सवयीनं म्हणाले, "जय भीम, बाई."

काकूंचे हात सुपातच थांबले. "हे तुझे वडील?"

"हाव," मी म्हणाले.

त्या उठल्या, आत गेल्या आणि दार लावून घेतलं. अण्णांना काय समजायचं ते समजलं. घोटभर पाणीही न मागता ते भर उन्हात परत निघाले. माझी घागर रिकामी होती.

दिवेलागणीला काकू आल्या. आज उंबऱ्याबाहेरच थांबल्या. चिडलेल्या नव्हत्या, भ्यालेल्या होत्या.

"एक खरं सांग. त्या टमाट्यात पाणी घालत होतीस का?"

मग त्याच आवाज खाली आणून म्हणाल्या,

"आमची सासू म्हणायची, नुसतं तेलातलं असलं तर चालतं. विटाळ पाण्याचा. तू पाणी घातलं नसशील तर काही बिघडलं न्हाई बघ. मी कुणाला सांगत न्हाई, तूबी सांगू नको. ऱ्हा खुशाल. फक्त हौदाला शिवू नको, पाणी मी वरून घालीन. अन् वडलांना म्हणावं, इथं येत जाऊ नका."

किती सोपं होतं! नुसतं खरं बोलायचं होतं. 'नाही' म्हटलं की खोली माझी, नोकरी माझी. बाई, तू मला रोज एक घागर मोजून देतेस, त्यात मी टमाट्यात कुठलं पाणी घालणार? आणि घातलं असतं तरी ते तुझ्याच हौदातलं ना? हे सगळं घशाशी आलं होतं. काकू माझ्या तोंडाकडं बघत होत्या, नाही म्हण गं बाई, असं डोळ्यांनी विनवत होत्या. आणि मला दिसत होते कोरड्या घशानं फुफाट्यातून स्टँडकडं जाणारे अण्णा.

"घालत होते की," मी म्हणाले. "रोज. तांब्याभर. माझ्या घागरीतलं."

काकू तोंडावर पदर धरून मोरीकडं धावल्या. त्यांच्या ओकाऱ्या ऐकत मी माझी ट्रंक भरली.

उरलेला उन्हाळा कचेरीतल्या एका शिपाईण बाईच्या ओसरीवर काढला. तिनं ना जात विचारली ना गोत. नोकरी कशीबशी टिकली. अण्णा मात्र पुन्हा कधी लातूरला आले नाहीत. मी किती बोलावलं, पण "तिथं काय काम हाय माझं?" एवढंच म्हणायचे.

काकू हयात असतील तर आजही त्यांना वाटत असेल, त्या कढईत माझं पाणी होतं. वाटू दे. मरेपर्यंत वाटू दे.