उपरण्याखालचं बोट

शिंगांना लावलेल्या ओल्या रंगाचा वास आला की मला मुरुडचा बैलबाजार आठवतो आणि आजही मुठी वळतात. रोजंदारी करून साठवलेल्या पैशांतून मी पहिलाच बैल घ्यायला गेलो होतो. व्यापाऱ्याने चालीप्रमाणे आमच्या हातांवर उपरणं टाकलं आणि भाव इतरांना कळू नये म्हणून त्याखाली एकमेकांची बोटं दाबून सौदा सुरू झाला. भाव जुळला, तेवढ्यात बैलाने मागचा पाय उचलून धरलेला मला दिसला. "मालक, बैल लंगडून राहिला," मी म्हणालो. तो गर्दीकडे बघत म्हणाला, "ज्याच्या बापाच्या दारात कधी शेळी न्हाई बांधली, त्यो बैलाचा पाय बघून राहिला." सगळे हसले. "माझा बाप राहू द्या. बैल लंगडतो का न्हाई, तेवढं सांगा." "बाप राहू दिला तरी तुझ्याकडं सांगायला हाय काय?" तो म्हणाला. त्याचं बोट अजून माझ्या मुठीतच होतं. हाडाचा आवाज येईपर्यंत मी ते मागे वाकवलं. तो गुडघ्यांवर कोसळला आणि त्याच्या माणसांनी मला शेणात पाडून लाथांनी तुडवलं. शेवटी बाजारातल्या एका म्हाताऱ्याने निवाडा दिला, "ह्यानं हात उचलला, म्हंजे ह्योच खोटा. बैल ह्याला घ्यावाच लागंल." फाटल्या ओठाचं रक्त गिळत मी तो लंगडा बैल घरी आणला. माणसाचं बोट मोडल्यामुळे बैलाचा पाय निवाड्यात बरा कसा ठरला, एवढंच मला अजून कुणी समजावून सांगितलेलं नाही.