आई नरसीला गेलीय

बापानं काडीमोड घेतली तेव्हा मी सात वर्षांची होते. निजामाचं राज्य, कचेरीत सगळा कारभार उर्दूत. आमच्यासारख्यांचे तंटे पंचच मिटवत. पंचांनी ठरवलं की पोरगी आईकडे राहील आणि तिच्या पोटासाठी बाप दर सुगीला दोन पोती ज्वारी देईल. आई मला घेऊन गोरेगावला आजाकडे आली. बापानं वर्षाच्या आत दुसरी केली. तेव्हा आता ज्वारीचं काय, असं कुणाच्याही मनात आलं नाही.

पुढे आईचा पाट लागला, म्हणजे तिचं दुसरं लग्न झालं, तेव्हा मात्र आजा घाबरला. बाई दुसऱ्याच्या घरी नांदायला गेली की पहिल्या नवऱ्याची जबाबदारी संपते, असं त्यानं कुठूनसं ऐकलं होतं. खरं-खोटं पंचांना विचारावं, तर बातमी फुटणार. म्हणून त्यानं सगळं लपवायचं ठरवलं. मी त्याच्याकडेच राहिले. आईनं गोरेगावात पाऊल टाकायचं नाही, मी तिच्याकडे कळमनुरीला जायचं नाही. आईनं मुकाट्यानं मान्य केलं. माझी ज्वारी जाईल याची तिलाही भीती होतीच.

आजा स्वतः खोटं बोलत नसे. मोठा सच्चा माणूस! ते काम त्यानं माझ्यावर सोपवलं होतं. बापाची बैलगाडी वेशीत दिसली की हा खळ्याकडे पसार, आणि दारात मी एकटी.

गाडी यायच्या आठ-पंधरा दिवस आधीपासूनच मला भाकर गोड लागत नसे. मनातल्या मनात घोकत राहायचे: माय नरसीला गेली, नामदेवाच्या दर्शनाला. चुकून तोंडातून कळमनुरी निघालं तर? बापानं पोती परत नेली तर? मामी वाईट नव्हती, पण वाढताना तिची नजर माझ्या ताटावर रेंगाळायची. पोती नसती तर तिनं मला किती दिवस वाढलं असतं, हे विचारायची मला छाती नव्हती.

आईच्या पाटानंतर तिसऱ्या वर्षी बापानं पोती उतरवली, तांब्याभर पाणी प्यायला आणि विचारलं, "माय कुठं हाय?"

"नरसीला गेली. दर्शनाला."

"दरसाली मी आलो की नरसीलाच जाऊन राहिली व्हय?"

माझा धीर सुटला. पोत्याला मिठी मारून मी भोकाड पसरलं. "ज्वारी नगा नेऊ, बा!"

तो माझ्याजवळ खाली बसला. "येडी हायेस का? तिचा पाट लागला हे मला त्याच महिन्यात कळलं. ती दुसऱ्या घरी गेली म्हून तुला पोट न्हाई का? म्या दुसरी केली, तवा तुझं देणं सुटलं का माझं?"

मला खरं तर हायसं वाटायला हवं होतं. पण आला तो राग. तीन वर्षं मी आईवाचून काढली होती, आणि ज्याच्यासाठी काढली ते कुणी हिसकावणारच नव्हतं. आजा खळ्यावरून परतला तेव्हा मी त्याला नको नको ते बोलले.

आठवडी बाजाराच्या दिवशी त्यानं मला गाडीत घालून कळमनुरीला नेलं. आई मिरच्यांचा वाटा लावून बसली होती, मांडीवर मी कधीच न पाहिलेला भाऊ. आता ती मला कवेत घेईल म्हणून मी धावत सुटले. मला पाहताच लेकरू तसंच खाली ठेवून ती उठली, माझे दोन्ही दंड घट्ट धरले आणि म्हणाली,

"काहून आली गं? ज्वारी बंद झाली का?"