जुनाट दिसणाऱ्या नव्या कॅमेऱ्याची चोरी

कुणाच्या ओट्यावर स्टीलचा नवा डबा चमकताना दिसला की मला ते प्रकरण आजही आठवतं.

खारघरच्या एका सोसायटीतली सूनबाई आमच्या पोलीस ठाण्यात तक्रार घेऊन आली. कपाटावरचा कॅमेरा गेला. रिळाचा, खिशात मावणारा, मोजकेच नग निघालेला. नवा कोरा, पण मुद्दाम जुन्यासारखा घडवलेला. "मग जुनाच का नाही घेतला?" ठाणे अंमलदाराने विचारलं. तिने असं पाहिलं, की त्याने पुढचा प्रश्न गिळला.

संशय घरकामाच्या बाईवर. सोसायटीच्या ग्रुपवर तिचं नाव आधीच फिरलं होतं आणि बाकीच्या घरांनीही तिला काढून टाकलं होतं. महिला हवालदारांसमोर चौकशीला बसली, तेव्हा ती रडली नाही, चिडली.

"साहेब, मी कोनाची सुई पन नेली नाय. आता मना काम कोन देनार?"

मला वाईट वाटलं.

दुसऱ्या दिवशी वॉचमनचा फोन आला. "साहेब, त्या दिवशी ती जुन्या कपड्यांवर भांडी देनारी भांडीवाली पन वर गेलेली. आजींनीच इंटरकॉमवर सांगितलं, सोड म्हणून."

आजी म्हणजे सूनबाईंच्या सासूबाई. घरी गेलो तर त्यांनी पोहे पुढे केले. ओट्यावर झाकणाचा नवा डबा होता. मी नुसतं म्हणालो, "डबा छान आहे."

आजी खुलल्या. "तीन साड्या दिल्या, तरी बया झाकण द्यायला तयार नाही! मग कपाटावरचं ते डबडं वर टाकलं."

"आई, तो माझा कॅमेरा होता!"

"कॅमेरा होता हे दिसत होतं गं. नवा होता हे कोणी सांगितलं?"

भांडीवाली सापडली. कॅमेरा गाठोड्यातच होता. घेताना चालतो का बघायला तिने फक्त बटण दाबलं होतं. सूनबाई घरकामाच्या बाईकडे माफी मागायला गेली, तर ती म्हणाली, "माफी घरात नको. नाव जिथं टाकलं तिथं टाका."

रीळ धुऊन आलं. शेवटच्या फोटोत आजी दारात उभ्या, डबा छातीशी धरून, गड जिंकल्यासारख्या हसताना. तोच फोटो ग्रुपवर गेला. खाली आजींनी लिहिलं, "कॅमेरा मी दिला. बाईंची चूक नाही. डबा परत मिळणार नाही."

घरातून काही गेलं, की आधी घरात नवं काय आलं ते बघायचं, हे मी पुढे हाताखालच्या प्रत्येकाला सांगत आलो.

बाईला सगळ्या घरांनी परत बोलावलं. ती सगळीकडे गेली, त्या एका घरी सोडून. आजी अजून विचारतात म्हणे, का येत नाही.